डॉ. जॉन स्नो : बाळाच्या लंगोटापर्यंत पोहोचलेला साथीचा माग

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात जुलाब झालेली लहान मुले वाढतात. आई-वडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. दात येताहेत म्हणून झाले का? आईने काही आंबट खाल्ले म्हणून का? मग मी विचारतो, की पिण्याचे पाणी घरात कसे साठवता आणि बाळाची शी कुठे टाकता. पाण्याबद्दल उत्तर येते की पाणी अगदी स्वच्छ दिसते. शीबद्दल बरेच जण जरा हसतात. तान्ह्या बाळाची शी ती काय घाण, लंगोट मोरीत धुतो आणि पाणी तिथेच सोडतो, असे सांगतात.

या दोन्ही समजुती खूप जुन्या आहेत आणि दोन्ही धोक्याच्या आहेत. हे समजून घ्यायला एका डॉक्टरांची गोष्ट उपयोगी पडते. सुमारे १७० वर्षांपूर्वी लंडनमध्ये राहणारे डॉ. जॉन स्नो हे ते डॉक्टर. साथीच्या आजारांचा अभ्यास शिकवताना आजही जगभर त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या कामाच्या मध्यभागी एक हातपंप होता आणि त्याचा माग शेवटी जाऊन थांबला तो एका पाच महिन्यांच्या बाळाच्या लंगोटापाशी.

मजुराचा मुलगा

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत थोरले. वडील मजुरी करत. घर ऊझ नदीकाठच्या गरीब वस्तीत होते आणि नदीला पूर आला की त्या भागात पाणी शिरे. घाण पाणी आणि पिण्याचे पाणी यांची सरमिसळ म्हणजे काय, हे या मुलाने पुस्तकात वाचण्याआधी आजूबाजूला पाहिले असणार.

चौदाव्या वर्षी त्यांना न्यूकॅसल येथे एका डॉक्टरांकडे उमेदवारीला ठेवले. त्या काळी वैद्यकीचे शिक्षण असेच सुरू होई. ते अठरा वर्षांचे असताना इंग्लंडमध्ये प्रथमच कॉलरा आला. कॉलरा म्हणजे आपल्याकडची पटकी. १८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेली ही साथ हळूहळू पसरत १८३१ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. आपल्या खेड्यांत जिच्या भीतीने मरीआईचा गाडा गावाबाहेर नेत, तोच हा आजार.

तरुण जॉनला किलिंगवर्थच्या कोळसा खाणीतील कामगारांवर उपचार करायला पाठवले गेले. उपचार म्हणण्यासारखे हाताशी काहीच नव्हते. पण त्यांनी जे पाहिले ते ते विसरले नाहीत. खाणीत शौचाची सोय नसे. आत आठ-नऊ तास काम चाले. तिथेच शौच, तिथेच जेवण, आणि हात धुवायला पाणी नाही. पुढे कॉलऱ्यावर लिहिताना त्यांनी खाणकामगारांचे हे उदाहरण मुद्दाम दिले. आज आम्ही जेवणाआधी साबणाने हात धुवा म्हणून सांगतो, त्यामागची कारणमीमांसा त्यांच्या लिखाणात आहे.

१८३६ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. १८४४ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळवली. राहणी साधी होती. दारूला ते शिवत नसत, अनेक वर्षे शाकाहारी होते आणि त्यांनी लग्न केले नाही. पिण्याच्या पाण्याबाबत ते तरुणपणापासूनच काटेकोर होते.

भूल देणारा डॉक्टर

हयातीत जॉन स्नो यांचे नाव झाले ते भूलतज्ज्ञ म्हणून. १८४६ च्या अखेरीस ईथरने भूल देण्याची पद्धत लंडनला पोहोचली. वाफेचे नेमके प्रमाण ठरवून भूल सुरक्षित कशी देता येईल, यावर स्नो यांनी काम केले आणि त्यासाठी उपकरणेही तयार केली. १८५३ आणि १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिला.

या कामाचा कॉलऱ्याशी संबंध आहे. त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना खात्री होती की कॉलरा दुर्गंधीयुक्त हवेमुळे होतो. स्नो यांना वायू आणि वाफा शरीरात कशा जातात, हवेत मिसळल्यावर किती विरळ होतात, हे रोजच्या कामातून माहीत होते. त्यांना प्रश्न पडला की विष श्वासातून जात असेल तर आजाराची सुरुवात छातीत का होत नाही? कॉलरा तर थेट पोटापासून सुरू होतो. मग रोगाचे कारणही तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे, आणि रुग्णाच्या जुलाबातून बाहेर पडून ते पाण्यावाटे, हातांवाटे किंवा अन्नावाटे दुसऱ्याच्या तोंडात जात असले पाहिजे.

१८४९ मध्ये त्यांनी हा विचार एका छोट्या पुस्तिकेत मांडला. फारशा लोकांना तो पटला नाही. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. आपल्या म्हणण्याला पुरावा हवा, हे स्नो यांना कळत होते.

ब्रॉड स्ट्रीटचे चवदार पाणी

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याचा उद्रेक झाला. दहा दिवसांत त्या लहानशा परिसरात पाचशेहून अधिक माणसे दगावली. साथ संपेपर्यंत हा आकडा सहाशेच्या वर गेला. स्नो स्वतः जवळच राहत होते. ते गल्ल्यांतून हिंडू लागले आणि प्रत्येक मृताच्या घरी पाणी कुठून येत होते, एवढाच प्रश्न विचारू लागले.

ब्रॉड स्ट्रीटवर एका विहिरीवर बसवलेला हातपंप होता. त्याचे पाणी आसपासच्या पंपांपेक्षा चांगले समजले जाई. दुसरा पंप जवळ असूनही लोक चवीसाठी इथले पाणी नेत. सुरुवातीच्या दिवसांतील ८३ मृत्यूंची यादी स्नो यांनी मिळवली. त्यांतले केवळ दहा मृत्यू दुसऱ्या एखाद्या पंपाजवळच्या घरांत झाले होते. त्या दहांपैकी पाच कुटुंबे मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचे पाणी मागवत होती. आणखी तीन मृत्यू मुलांचे होते. त्यांची शाळा या पंपाजवळ होती.

उलट बाजूही त्यांनी तपासली. जवळच्याच अनाथाश्रमवजा सरकारी निवाऱ्यात ५३५ माणसे राहत होती. आजूबाजूची घरे ओस पडत असताना तिथे फक्त पाच जण दगावले, कारण तिथे स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा कारखाना होता. तिथल्या सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही कॉलऱ्याने गेला नाही. ते पंपाचे पाणी पीत नव्हते.

सर्वांत बोलका पुरावा दूरचा होता. हॅम्पस्टेड या कित्येक किलोमीटर लांबच्या भागात एक वृद्ध विधवा कॉलऱ्याने वारली. तिथे साथच नव्हती. चौकशीत कळले की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत होती आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज गाडीवरून बाटली भरून मागवत होती. तिच्याकडे आलेली भाचीही ते पाणी प्यायली आणि आपल्या घरी परतल्यावर वारली. त्या दोघींनी सोहोची हवा घेतली नव्हती, फक्त पाणी प्यायले होते.

७ सप्टेंबरला स्नो स्थानिक समितीपुढे गेले आणि पंपाचा दांडा काढून टाकण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी दांडा काढला गेला. त्यामुळे साथ एका झटक्यात थांबली असे अनेकदा सांगितले जाते, पण ते तितकेसे खरे नाही. बरेच लोक घरे सोडून गेले होते आणि साथ आधीच ओसरत होती. स्नो यांनीही ते प्रामाणिकपणे नोंदवले. तरीही दांडा काढणे किती गरजेचे होते, ते पुढे कळले.

चाळीस नंबरच्या घरातले बाळ

विहिरीत रोग आला कुठून, हे कोडे सोडवले ते हेन्री व्हाइटहेड या तरुण धर्मोपदेशकाने. तो त्याच वस्तीत काम करत होता आणि स्नो यांचे म्हणणे चुकीचे आहे हे दाखवण्यासाठी घरोघर फिरला होता. फिरता फिरता त्याचेच मत बदलले.

१८५५ मध्ये जुन्या मृत्यूनोंदी चाळताना त्याला एक नोंद दिसली. पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरात पाच महिन्यांची एक मुलगी जुलाबाने दगावली होती. आजार सुरू झाला होता २८ ऑगस्टला, म्हणजे उद्रेकाच्या आधी. व्हाइटहेड तिच्या आईला भेटला. आईने सांगितले की बाळाचे खराब झालेले लंगोट ती बादलीत भिजवत असे आणि ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतत असे.

खड्डा उकरून पाहिला गेला. त्याच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या आणि विहिरीपासून तो तीन फूटसुद्धा लांब नव्हता. खड्ड्यातला मैला झिरपून विहिरीकडे जात होता. वर पंपाच्या तोंडातून मात्र चवदार पाणी येत होते.

या आईचा दोष नव्हता, हे आधी लक्षात घ्या. आजारी लेकराची ती जमेल तशी काळजी घेत होती. त्या पाण्यात काय आहे, हे तेव्हाच्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हते. पुढे त्या बाळाचे वडीलही कॉलऱ्याने आजारी पडले, तेही पंपाचा दांडा निघाला त्याच दिवशी. त्यांचे जुलाबही त्याच खड्ड्यात जाणार होते. दांडा काढला नसता तर विहिरीतून दुसऱ्यांदा साथ उसळली असती, असे मानायला जागा आहे. वडील १९ सप्टेंबरला वारले.

न पटलेले सत्य

त्याच वर्षी स्नो यांनी आणखी मोठे काम हाती घेतले. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन खासगी कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी थेम्स नदीचे पाणी शहरातल्या गटारांच्या खालच्या बाजूने उचलत होती. दुसरीने १८५२ मध्ये आपली जागा बदलून शहराच्या वर, स्वच्छ भागात नेली होती. हवा तीच, गल्ली तीच, गरीब-श्रीमंत सारखेच, फरक फक्त पाण्याचा. कोणाच्या घरी कोणाचे पाणी आहे हे रहिवाशांना माहीत नसले, तर स्नो पाण्यातल्या मिठाचे प्रमाण रसायनाने तपासून ते ओळखत.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचे आकडे असे होते : घाण पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, आणि स्वच्छ पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३७.

एवढे होऊनही सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. स्नो यांनी कोणाशी कडवटपणे भांडण केले नाही. ते भुलीचे काम आणि लेखन करत राहिले. जून १८५८ मध्ये लिहीत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जून रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४५.

त्याच उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचे काम चालेना. त्यानंतर लंडनच्या मोठ्या भूमिगत गटारांच्या योजनेला मंजुरी मिळाली. तीही दुर्गंधी घालवण्यासाठी, पण मैला पिण्याच्या पाण्यापासून लांब गेला. १८६६ मध्ये लंडनला पुन्हा कॉलरा आला, तेव्हा त्याचा मोठा तडाखा बसला तो पूर्व भागाला. तिथे गटारांचे काम अजून पुरे व्हायचे होते आणि गाळण न केलेले पाणी लोकांना पुरवले गेले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू रुग्णांच्या आतड्यात आणि तळ्याच्या पाण्यात दाखवून दिला. स्नो यांना जाऊन तेव्हा २६ वर्षे झाली होती.

तुमच्या घरातला मैलाखड्डा कोणता?

आज मुलांचे बहुतेक जुलाब कॉलऱ्याचे नसतात. रोटाव्हायरससारखे विषाणू आणि ई. कोलाय, शिगेला यांसारखे जंतू ही नेहमीची कारणे आहेत. पण वाट तीच आहे : एकाच्या शौचातून दुसऱ्याच्या तोंडात. पाणी, हात, माशा, अन्न आणि जमीन या पाच मार्गांनी हा प्रवास होतो. दात येण्याने जुलाब होत नाहीत. पण त्या वयात मूल रांगते, दिसेल ते तोंडात घालते आणि जमिनीवरचे जंतू पोटात जातात.

वारंवार जुलाब झालेल्या मुलाची भूक मंदावते, खाल्लेले अंगी लागत नाही, वजन रोडावते आणि अशक्त मुलाला पुन्हा जुलाब लवकर होतात. म्हणून ही वाट घरातच तोडायला हवी.

* बाळाची शी संडासातच टाका. तान्ह्या बाळाच्या शीतही रोगजंतू असतात. मोरी, उघडे गटार, परसबाग किंवा उकिरडा ही तिची जागा नाही. लंगोट धुतलेले पाणीही संडासात ओता. वापरून टाकायचे डायपर असतील तर आधी शी संडासात टाका, मग डायपर बांधून कचऱ्यात द्या.
* लंगोट धुण्याची जागा आणि पिण्याचे पाणी लांब ठेवा. अनेक घरांत मोरीच्या कट्ट्यावरच पाण्याचे पिंप असते. ते आजच हलवा.
* साबणाने हात धुवा. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि बाळाला भरवण्याआधी. नुसते पाणी पुरेसे नाही.
* पाणी दिसण्यावर जाऊ नका. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव लोकांना आवडत होती. आपल्याकडे नळ दिवसातून थोडाच वेळ येतो. मधल्या वेळात पाइपमधला दाब उतरतो आणि फुटक्या पाइपला लागून गटार असेल तर घाण आत ओढली जाते. पाणी खळखळून उकळा, किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात वापरा.
* शुद्ध केलेले पाणी पुन्हा बाटवू नका. भांडे झाकून ठेवा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. महागडा फिल्टर बसवून मग पेला हातासकट बुडवला तर उपयोग नाही. भांडे नियमित घासा.
* सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध द्या. पाणी, गुटी, ग्राइप वॉटर काही नको. बाटलीऐवजी गरज पडल्यास वाटी-चमचा वापरा.
* रोटाव्हायरसची लस चुकवू नका. सरकारी लसीकरणात ती दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मोफत दिली जाते.

बाळाला जुलाब झालेच तर

स्नो यांच्या काळात रुग्ण मरत ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्यावरचा साधा उपाय आज आपल्या हातात आहे. तो म्हणजे ओआरएस, म्हणजेच जलसंजीवनी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर तोंडाने हे द्रावण देऊन असंख्य रुग्ण वाचवले.

पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पिण्याच्या पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवा. मोठे पाकीट बहुधा एक लिटरचे असते. अर्धे पाकीट अंदाजाने घालू नका. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्या. तयार द्रावण २४ तासांनंतर फेकून द्या. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवा. झिंकचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस पूर्ण द्या, जुलाब आधी थांबले तरी. जुलाब बंद करण्याच्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, पिणे बंद झाले, सतत उलट्या होताहेत किंवा शीतून रक्त जाते आहे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठा. मूल दोन महिन्यांहून लहान असेल तर वाट पाहूच नका. वाटेत ओआरएस पाजत राहा.

आजारी मुलाच्या शीबाबत या दिवसांत दुप्पट काळजी घ्या. घरात दुसरे लहान मूल असेल तर ती काळजी त्याच्यासाठी आहे. लंडनच्या त्या आईला हे सांगायला कोणी नव्हते. तुम्हाला आज माहीत झाले आहे. आज घरी गेल्यावर आधी पाण्याचे पिंप कुठे आहे आणि लंगोटाचे पाणी कुठे जाते, एवढे पाहा.